उंबराखालची जागा

त्याला सगळी वाडी चोर म्हणायची. चाळीस वर्षं म्हणत आली. अर्धी चोरी माझी होती, हे त्याला ठाऊक होतं आणि मला. आता तो गेला. माझी बायको त्याच्याआधी चार महिने, आषाढात गेली. म्हणजे ठाऊक असलेला मी एकटाच उरलो. मी चौथी शिकलेला माणूस, जन्म चिरेखाणीत गेला. जमेल तसं लिहितो.

त्याचं नाव लिहीत नाही, कारण खरं कुठलं ते मलाच माहीत नाही. देवरूखच्या अंगाला तो एका नावानं फिरायचा, जयगडच्या खाडीकडे दुसऱ्या. जात विचारली की समोरच्याची तीच त्याची. आमच्या वाडीत आला तेव्हा आमच्यासारखेच हात जोडले आणि म्हणाला, "आपलाच आहे मी." आम्ही त्याला पाणाड्या म्हणायचो. पाणी बघायचा धंदा. तळहातावर नारळ आडवा ठेवायचा आणि रानातून चालायचा. जिथं नारळ उभा राहील तिथं विहीर खणायची.

दिसायला देखणा. उंच, दात पांढरेशुभ्र, कानात अत्तराचा फाया. चपला पायात नाही, हातात. विचारलं तर सांगायचा, "तळव्याला ऐकू येतं, चामड्याला येत नाही." नारळ त्याचा स्वतःचा असायचा, दुसऱ्याचा चालत नसे. काम झालं की तोच नारळ घरच्या बाईला खवायला लावायचा, वर गूळ मागायचा, आणि पहिला घास घेऊन डोळे मिटायचा. "अशी चव माझ्या आईच्या हातालाही नव्हती." ही आई एका गावात बाळंतपणात मेलेली असायची, दुसऱ्यात पुरात, तिसऱ्यात जिवंत आणि आंधळी. दोन गावांत बायका त्याची वाट बघत असायच्या आणि तिसऱ्या गावात त्यांचे भाऊ.

तो यायचा फक्त भादव्यापासून दसऱ्यापर्यंत. होळीनंतर कुठल्या गावात तो दिसला असं कोणी सांगणार नाही. त्यातच सगळी मेख होती. भादव्यात आमच्या सड्यावर, म्हणजे वरच्या कातळमाळावर, चार हात खणलं तरी तळाला पाणी चमकतं. कातळ प्यायलेला असतो. विहीर बघायची ती वैशाखात. वैशाखात तो कुठं असायचा देव जाणे. आणि कोणी गाठलंच, तर उत्तर तयार. "पाणी सगळीकडं असतं, दादा. माणूस मधेच थांबतो." आणखी दोन हात जायला हवं होतं, ते तुम्ही गेला नाहीत. यावर कोण काय बोलणार?

आमच्या बापजाद्यांनी धम्म घेतला तेव्हा घरातले देव टोपलीत भरून खाडीत सोडले. मी लहान होतो, टोपली उचलायला हात लावला होता. नारळ, अंगारा, कौल, सगळं त्याच दिवशी संपलं. अशी आमची वाडी. आणि तरी त्या भादव्यात आम्ही सगळे, शाळामास्तरसुद्धा, एका माणसाच्या तळहातावरच्या नारळाच्या मागं मुकाट चालत होतो. तहान असली म्हणजे माणूस असा होतो. वाडीला विहीर नव्हती. माघ सरला की बायका खाली पऱ्यावर जायच्या. ओढा आटलेला असायचा, काठाला बोटाएवढा झरा. तिथं बसून करवंटीनं पाणी टिपायचं, हंडा भरला की चढ चढायचा. माझी बायको दिवसाला चार खेपा करायची. मी कधी एक हंडा उचलला नाही. पाणी बायकांचं काम, असं आमच्यात होतं. तेव्हा लाज वाटली नाही, आता लिहिताना वाटते.

त्या दिवशी मी कोयत्यानं वाट करत त्याच्यापुढं होतो. बाकी मंडळी मागं दगडी गडग्यापाशी अडली होती, म्हाताऱ्यांना उतरवत होती. उतारावर एक उंबर आहे. त्याच्याखाली आम्ही पोचलो आणि नारळ उभा राहिला. त्याच्या अंगठ्याची करामत मला नंतर कळली, पण त्या वेळी त्यानं काही केलं नव्हतं, किंवा केलं असेल तर जाणून केलं होतं. उंबर, शेजारी वारूळ, खाली उतार. खाणीत काम केलेल्या कुठल्याही माणसाला विचारा, पाणी तिथंच. त्याला जमीन कळत होती. धंदा लबाडीचा होता, डोळा लबाड नव्हता.

ती जागा माझ्या हिश्श्याची. तिथं मी हापूसची दोन कलमं लावली होती, माझ्या गुडघ्याएवढी.

मी हळूच म्हटलं, "हितं नको. माजी कलमं हायत."

त्यानं कलमांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "किती वर्षांची?"

"तीन."

हसला. नारळ आडवा केला. "मग कुठं म्हणतोस?"

"कुटं पन. वर चल."

तो वर सड्यावर गेला, सपाट कातळावर, आणि शेवटच्या घराच्या अंगणाजवळ नारळ पुन्हा उभा राहिला. तोवर मंडळी पोचली होती. टाळी पहिली मी वाजवली.

त्या शेवटच्या घरात जी बाई राहायची तिच्यामुळे पुढचं सगळं झालं. तिचा नवरा मुंबईला गेला तो दुसरी करून तिकडेच राहिला. ही इथं अंथरुणाला खिळलेल्या सासूचं करायची. तिशीची असेल. तोंडाची फटकळ, वाडीत तिच्याशी कोणी फार बोलायचं नाही. माझी बायको तेवढी तिची मैत्रीण. पाणाड्यानं सवयीनं तिच्यापुढं नारळ धरला आणि ते गोड हसू हसला. "बाई, खवून द्या. थोडा गूळ असला तर—"

तिनं नारळ हातातून काढून घेतला, कातळावर आपटला आणि सगळ्या बायकांना वाटून टाकला. त्याला एक तुकडासुद्धा दिला नाही. "तुजा नारळ आमी खाल्ला," म्हणाली. "आता तुजा पानी आमाला पाज. मंग गूळ मागायला ये."

बायका हसल्या. तो तसाच गेला, आणि जाताना चपला तिच्या अंगणात विसरला.

मुंबईकरांनी हातभार लावला, वाडीनं श्रमदान केलं. दिवाळीनंतर खोदाई सुरू झाली. खाली मी, वर बायका. मी पहारीनं जांभा फोडायचा, त्यांनी रहाटानं घमेली वर ओढायची. चिरेखाण त्या वर्षी बंद होती, काम मला हवंच होतं. आठ हातांवर दगड कोरडा यायला लागला. मला कळत होतं. रोज कळत होतं. रोज वर बघून सांगायचो, "लागंल, लागंल." माझी बायको त्या वेळी पोटुशी होती, तिसरा महिना. घमेली ओढता ओढता तिचं पोट पडलं. आठ दिवस झोपून होती, नवव्या दिवशी परत रहाटावर. कंबर धरली ती मरेपर्यंत सुटली नाही.

कलमं जगली.

चैत्रात विहीर ठणठणीत कोरडी. आणि त्याच चैत्रात, जेव्हा तो कुठंच दिसत नसे, पाणाड्या वाटेनं चढताना दिसला. हातात गुळाची पुडी. "चपला न्यायला आलो," म्हणाला. सात महिन्यांनी. वाडीतली पोरं धोंडे घेऊन धावली. मी पण धावलो, हे लिहितो. सगळ्यांत मोठ्यानं शिव्या मी दिल्या.

ती मध्ये आली. "मारू नका त्याला. मना पायजे तो." त्याच्या हातात हंडा दिला आणि करवंटी, आणि पऱ्यावर घेऊन गेली. सकाळी बसवला, हंडा भरला तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. मग म्हणाली, "चल वर." चढावर तीनदा बसला. पाय सोललेले. माझी बायको मागून येत होती, तिनं सगळं ऐकलं.

तो म्हणाला, "किती खेपा करता दिवसाला?"

"चार. सासूची चिरगुटं धुवायची असली तं पाच."

"आणि ही?" माझ्या बायकोकडं बोट दाखवून.

"तिच्या पोटातला गेला तुज्या विहिरीत."

त्यानं हंडा खाली ठेवला. बायको सांगायची, त्याचं तोंड असं झालं की तिला वाटलं आता हा दरीत उडी टाकतो. माझं नाव त्याच्या जिभेवर आलं असेल. एका शब्दाचं काम होतं. तो बोलला नाही. अंगणात येऊन अंगातला शर्ट काढला, माझी पहार उचलली आणि कोरड्या विहिरीत उतरला.

दुसऱ्या दिवशी मी त्याला एकट्याला गाठलं. तळाला आम्ही दोघंच होतो. "का नाय बोललास?"

तो म्हणाला, "तुझ्या बायकोशिवाय तिला या वाडीत कोण आहे? मी बोललो की तुझं घर फुटेल. मग तिच्याशी बोलायला कोण राहील?" आणि पहार हाणली. एका दिवसात हा माणूस असा विचार करायला लागला होता. मी चार वर्षांचा संसार करून लागलो नव्हतो.

तो राहिला. तिच्या गोठ्यात. एकदा उंबऱ्यापाशी उभा राहून काहीतरी गोड बोलायला गेला, तर ती म्हणाली, "पानी लागल्याबिगर ह्यो उंबरा वलांडायचा नाय." त्यानं ते गाठीला बांधलं. दसरा ते होळी माझ्याबरोबर चिरेखाणीत काम, होळी ते पाऊस विहिरीत. नारळ पुन्हा हातावर घेतला नाही. अत्तर गेलं. पुण्याच्या माणसासारखं बोलायचा तो आमच्यासारखं बोलायला लागला. सासूला उन्हात आणून बसवायचा, तिची नखं काढायचा. तिला एकदा विचारलं म्हातारीनं, "ह्यो कोन गो?" ती म्हणाली, "चोर हाय. काम करून फेडतो." तो गोठ्यातून ओरडला, "फिटत नाय पन!" आणि ती हसली. मी तिला हसताना तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

वाडी त्याला सोडायची नाही. काठावरून जाता-येता कोणीही वाकून विचारायचं, "काय पाणाड्या, लागला काय?"

खालून आवाज यायचा, "मधेच थांबलो नाय अजून!"

तिसऱ्या वर्षी काळा फत्तर लागला. आता खाली जाण्यात अर्थ नव्हता. त्या दिवशी त्यानं मला खाली बोलावलं. पलित्याच्या उजेडात उताराच्या बाजूची भिंत दाखवली. जांभ्याच्या खाली पांढरी, ओल धरणारी शेडूची माती, बोट लावलं की गार.

"दादा," म्हणाला, "पानी तुज्या कलमांखाली हाय. मी हितनं आडवा येतो. वर कोनाला कळायचा नाय. कलमं पन ऱ्हातील."

आडवं भुयार खणायचं, माणूस पोटावर सरपटेल एवढं. वर जांभ्याचं ओझं. मी इतकी वर्षं खाणीत होतो, मी गेलो नसतो. मी म्हणायला हवं होतं, अरे वरून खण, घाल कुऱ्हाड त्या कलमांवर. त्या वर्षी कलमांना पहिला मोहोर आला होता. मी म्हणालो, "संबाळून."

त्याच्या पुढच्या वैशाखात दगड सुटला आणि त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं चेचली. नारळ उभा राहायचा तोच हात. तिनं स्वतःच्या लुगड्याची चिंधी फाडून बांधला. उंबऱ्याबाहेर बसून.

पुढच्या माघात तिला कावीळ झाली. रत्नागिरीला नेली, परत आणली. झाडपाला झाला. फाल्गुनात ती उठेना. डोळे हळदीसारखे. एका सकाळी मी आणि बायको तिच्याजवळ बसलो होतो. ती म्हणाली, "विहिरीचा पानी नाय काय लागला अजून?" तो दारात उभा होता. लगेच निघून गेला. दोन तासांनी तांब्या घेऊन आला, घामानं निथळत, आणि उंबऱ्याबाहेरून माझ्या बायकोच्या हातात दिला. "लागला," म्हणाला. "घे. विहिरीचा."

बायकोनं तिला पाजलं. ती घोट तोंडात धरून राहिली. मग गिळला.

"पऱ्याचा हाय," म्हणाली. "शेवाळाचा वास येतो."

त्यानं मान खाली घातली.

"आता तं खोटा बोलायला पन येईना तुला," ती म्हणाली. "ये. आत ये. किती दिस दारात उभा ऱ्हाशील?"

त्यानं बाहेर जाऊन पाय धुतले, तेही पाण्याच्या त्या टंचाईत, आणि उंबरा ओलांडला. पंधरा दिवस तो तिच्या उशाशी बसून होता. पेज चमच्यानं भरवायचा. ती त्याला शिव्या द्यायची, आवाज जाईपर्यंत दिल्या. चैत्रात गेली.

माती देऊन आलो आणि तो सरळ विहिरीत उतरला. कोणी अडवलं नाही. वैशाखाच्या शेवटाला तो वर आला तेव्हा कोपरापर्यंत पांढऱ्या चिखलानं माखलेला होता. काठावर बसून राहिला. आम्ही वाकून बघितलं, तर भुयारातून पाण्याची धार पडत होती, मनगटाएवढी. बायका रडायला लागल्या. त्यानं पहिला हंडा भरला, खांद्यावर घेतला आणि वाडीतून चालत माझ्या दारात आणून ठेवला. "ताय, तुमचा," म्हणाला बायकोला. सगळ्यांना वाटलं, तिच्या मैत्रिणीच्या दारात ठेवला. मला माहीत होतं का ठेवला ते.

त्या दिवसापासून रोज सकाळी माझ्या दारात एक हंडा. बायकोची कंबर वाकत नव्हती म्हणून. चाळीस वर्षं कोणी असं करतं काय? मी तिचा नवरा, मी एक दिवस केलं नाही. म्हाताऱ्या सासूला त्यानंच शेवटपर्यंत सांभाळलं. त्याच घरात राहिला, एकटा. पुढं नळयोजना आली, तोट्या आल्या, त्यातून वारा जास्त आणि पाणी कमी. विहीर एक वैशाख आटली नाही. तरी नव्या सुना विचारायच्या, आणि म्हाताऱ्या सांगायच्या, "तो काय, चोर व्हता पयला. त्या बाईच्या मायेनं सुदारला." तो ऐकून हसायचा. मी पण हसायचो. माझी कलमं आता घरापेक्षा उंच आहेत. बायकोनं त्यांचा आंबा कधी तोंडात घातला नाही. का, ते मी विचारलं नाही.

आषाढात बायको शेवटच्या दिवसांत होती. तो हंडा ठेवायला आला, तर तिनं आत बोलावलं. मी पायथ्याशी बसलो होतो.

"खरा सांग," ती म्हणाली. "पयल्या दिवशी तुला ठाव नव्हता काय, पानी कुटं हाय ता?"

त्यानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. "नाय ताय. मना काय येत व्हता? मी चोर. एकटाच."

तिनं मात्र माझ्याकडं बघितलं. बराच वेळ. मी तिचे पाय चेपत होतो, चेपत राहिलो. दोन दिवसांनी गेली.

दिवाळीनंतर एका सकाळी दारात हंडा नव्हता. मी गेलो. तो उंबऱ्याच्या आत आडवा पडला होता, थंड झालेला. उशाशी तिच्या अंगणात विसरलेल्या त्या चपला. एवढी वर्षं जपल्या होत्या, तिनं की त्यानं, कोण जाणे.

त्याचं पुण्यानुमोदन वाडीनं केलं. वंदना झाली, मग एकेक जण उठून बोलायला लागला. चोर होता, पण चांगला झाला. सगळ्यांचं तेच. मी उठलो आणि सांगितलं. नारळ पहिला कुठं उभा राहिला, मी काय म्हणालो, टाळी कोणी वाजवली. भुयार कुठं जातं. सगळं. तरणी माणसं एकमेकांकडं बघत होती, त्यांच्या मनाला काही लागलं नाही. पुढं माझी भावजय बसली होती. ऐंशीची आहे. त्या वर्षी माझ्या बायकोबरोबर तीच रहाट ओढायची.

"भावजी," ती म्हणाली, "तिला सांगितलाव?"

"नाय."

"त्याच्या देखत बोललाव?"

"नाय."

"मंग आता आमाला कशाला सांगताव?"

आणि काठी टेकत उठून गेली.

तिच्या घरी नळ आहे, पाणी आठवड्यातून दोनदा. सून मुंबईला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी घरातला हंडा घेतला आणि विहिरीवर गेलो. पंचाहत्तरी ओलांडली माझी. भरलेला हंडा असा असतो हे मला ठाऊक नव्हतं. खांद्यावर चढेना. छातीशी धरून चाललो, अर्धा अंगावर सांडला, तीन ठिकाणी बसलो. भावजयीच्या दारात ठेवला. ती ओटीवर होती. बघितलं नाही तिनं.

संध्याकाळी हंडा माझ्या दारात होता, रिकामा. पाणी प्यायली की ओतून टाकलं, मी विचारलं नाही. सकाळी परत भरायला गेलो.